पोस्टरवरची बर्नडीन

बर्नडीन कोसिकचा तो फोटो काढला तेव्हा तिचा उजवा गुडघा इतका ठणकत होता, की ती ओठ आवळून उभी होती. फोटोत ते हसल्यासारखं दिसलं. डाव्या हातावर तीन प्लेटा, उजव्या हातात कॉफीचं भांडं, मागे 'स्टेलाज' हॉटेलातली हिरवी बाकं. ऑर्डन शहराच्या पर्यटन कचेरीतली मुलगी म्हणाली, "बस, असंच राहा." महिन्याभराने तो फोटो हायवेवरच्या फलकावर आला, बसच्या पाठीवर आला, कालव्याकाठच्या दिव्यांच्या खांबाखांबावर आला. खाली लिहिलं होतं, 'ऑर्डन. इथं अजून कुणालाही घाई नाही.'

बर्नडीनला होती. ती बासष्टची होती आणि चोविसाव्या वर्षापासून स्टेलाजमध्ये गिऱ्हाइकांना वाढत होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दूर, उष्ण टूसॉन शहरात धाकटी बहीण रीटा तिच्यासाठी खोली तयार ठेवून बसली होती. "बर्फ उपसायला लागत नाही इथं," रीटा दर रविवारी फोनवर सांगायची. "नोव्हेंबरच्या आत ये, म्हणजे सुटलीस." बर्नडीनने घर विकायला दलालही गाठला होता.

त्याच उन्हाळ्यात स्टेलाजच्या म्हाताऱ्या मालकाने हॉटेल ब्रेंट हॉलोवेला विकलं. ब्रेंट बाहेरगावचा, चाळिशीचा. कॅनल स्ट्रीटवर हार्डवेअरच्या दुकानाच्या जागी जपानी नूडल्सचं हॉटेल निघालं ते त्याचं, जुन्या बँकेत वाइन बार निघाला तोही त्याचाच. सगळ्यांना वाटलं, आता हिरवी बाकं जाणार. पण ब्रेंटने फाटलेली बाकं त्याच हिरव्या रेक्झिनने शिवून घेतली. गेला तो गुरुवारचा काळ्या घेवड्याचा भात. तो भात भटारखान्यातली डेल्फिना करायची. ती ग्वाटेमालाची. नऊ वर्षं स्टेलाजचे पिएरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या पोलिश करंज्या, तिच्याच हातचे होते. नव्या मेनूकार्डावर त्या पिएरोगींपुढे छापलं होतं, 'आजीच्या हातची पोलिश चव'.

"कुणाची आजी?" डेल्फिनाने विचारलं.

"माझी म्हणतायत बहुतेक, आडनाव पोलिश ना," बर्नडीन म्हणाली. "माझी आजी पिएरोगी फ्रीजरमधून काढायची."

दोघी भटारखान्यात बराच वेळ हसत बसल्या.

सप्टेंबरात बर्नडीन ब्रेंटकडे गेली आणि नोकरी सोडतेय म्हणाली. त्याने तिला आधी खुर्ची दिली. मग सांगितलं, की जुनी हॉटेलं जपायला शहराकडून मदत मिळते, ती त्याने घेतली आहे, आणि अर्जात तिचा फोटो आणि नाव आहे.

"तुम्ही गेलात तर मदत थांबेल, बर्नडीन. मग मला इथं दुसरं काहीतरी काढावं लागेल. अकरा माणसं आहेत इथं. मी जबरदस्ती करत नाहीये."

"नाही. तुम्ही फक्त सांगताय."

अकरांतली एक डेल्फिना होती, तिच्या दोन मुली शाळेत होत्या. बर्नडीनने त्या रविवारी रीटाला सांगितलं, की वसंतात येते. रीटा म्हणाली, "तुझं नेहमीचंच आहे हे, बर्नी."

त्या हिवाळ्यात लांबलांबून लोक येऊ लागले. ते तिच्याकडे बघायचे, मग हातातल्या मोबाइलकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "तशाच उभ्या राहा ना," म्हणायचे. खरोखरच्या भरल्या प्लेटा फोटो होईपर्यंत गार व्हायच्या, म्हणून ब्रेंटने काउंटरखाली तीन रिकाम्या प्लेटा ठेवून दिल्या. एक दिवस तो म्हणाला, की गिऱ्हाइकांना 'बाळा' म्हटलेलं आवडतं, जमेल का? अडतीस वर्षांत तिने कुणाला बाळा म्हटलं नव्हतं. नाव माहीत असलं तर नाव घ्यायचं, नसलं तर नुसतं "काय आणू?" तिने पहिल्यांदा बाळा म्हटलं ते तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या गृहस्थाला. तो खूश झाला. तिला मात्र दिवसभर तोंडात काहीतरी कडू राहिल्यासारखं वाटत होतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी डेल्फिना पीठ मळता मळता थांबली.

"तुला कसं सांगू कळत नव्हतं," ती म्हणाली. "मिल स्ट्रीटवरचं चाव्या करायचं दुकान मी आणि माझ्या चुलतभावाने घेतलंय. तिथं तमालांचं छोटं हॉटेल काढणार. इथं अजून दोनच आठवडे."

बर्नडीन साखरेच्या पुड्या भांड्यात लावत होती. ती लावतच राहिली. "चांगलं केलंस," ती म्हणाली.

"वाटलं, तू म्हणशील, मला एकटीला टाकून चाललीस."

"मी कशाला तसं म्हणेन?"

"तू का राहिलीस गं? तू तर बहिणीकडे जाणार होतीस."

"गुडघा," बर्नडीन म्हणाली. "एवढा प्रवास झेपला नसता."

डेल्फिनाने मान हलवली आणि पुन्हा पिठाला हात घातला. तिला ते पटलं असावं.

जूनपर्यंत अकरांतली सात माणसं पांगली. गावात रोज नवं काहीतरी निघत होतं आणि सगळ्यांनाच कामाला माणसं हवी होती. बर्नडीनने रीटाला फोन केला. खोलीत आता एक नर्स राहत होती. "मी किती दिवस रिकामी ठेवणार?" रीटा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ते बर्नडीनला जास्त लागलं. नंतरच्या आठवड्यात शहराने तीच जाहिरात आणखी तीन वर्षं चालवायचं ठरवलं. ब्रेंटने केक आणला. बर्नडीनने बसायला एक उंच स्टूल मागितलं, ते त्याने लगेच दिलं. भटारखान्याच्या दारामागे ठेवलं, गिऱ्हाइकांना दिसणार नाही असं.

सोमवारी तिला सुट्टी असायची. त्या दिवशी ती डेल्फिनाकडे जेवायला जायची. जागा लहान होती, चार टेबलं, भिंतीवर चाव्या टांगायचे आकडे अजून तसेच. डेल्फिना केळीच्या पानात उकडलेला, मक्याच्या पिठाचा वाफाळता तमाल आणून ठेवायची आणि कुणी नसलं तर समोर बसायची.

"घराचं काय झालं?"

"दलाल फोन करतो. भाव चढलाय म्हणे. गावाचं नाव झालंय ना."

"मग विक की."

"विकून जाऊ कुठं?"

डेल्फिनाने वाकून टेबलाखाली बर्नडीनचा गुडघा बघितला. तो सुजून लांब पायमोज्याच्या काठावर फुगून आला होता. "हे डॉक्टरला दाखव. बुधवारी मी गाडीने नेते."

"बुधवार नको. बुधवारी क्लीव्हलँडहून प्रवाशांची बस यायचीये."

"गुरुवारी?"

"गुरुवारी दोन बस आहेत," बर्नडीन म्हणाली, आणि तिने पान उलगडून खायला सुरुवात केली.