तलाववाल्या आज्याचा फोटो

हल्ली लोक मोबाइलवर जुने फोटो एकमेकांना पाठवतात आणि खाली लिहितात, बघा आपल्या पूर्वजांचा रुबाब. मी चष्मा सारखा करतो, फोटो मोठा करतो आणि आधी कोटाचं तिसरं बटण बघतो. बटण नसलं तर तो कोट माझा. गोंदियातल्या माझ्या स्टुडिओत तो खुंटीला असायचा. मुर्रीचा नवरदेव, कामठ्याचा मास्तर, सडक अर्जुनीचा ट्रकवाला, सगळ्यांनी त्या एकाच कोटात रुबाब केला. बारीक माणसाला मागून चिमटे लावायचे. जाड्यासाठी पाठ आधीच उसवून ठेवलेली होती. फोटोत पाठ दिसत नाही.

ही झाली गंमत. पण एका फोटोबद्दल मला पन्नासेक वर्षं कोणाला तरी सांगायचं होतं, आणि जीभ उचलत नव्हती.

त्या काळी एखादं म्हातारं माणूस फोटो न काढताच गेलं, की घरचे स्टुडिओत येऊन म्हणायचे, फोटो बनवून द्या. त्याची एक रीत होती. ज्याचा तोंडवळा मेलेल्याशी जुळतो असा रक्ताचा माणूस खुर्चीत बसवायचा, त्याचा फोटो काढायचा आणि फिल्मवर बारीक पेन्सिलीनं सुरकुत्या चढवायच्या. मुलगा घटकाभरात म्हातारा होऊन स्वतःचाच बाप व्हायचा. यात कोणी खोटं मानत नसे. रक्त तर तेच होतं.

कामठ्याच्या पलीकडच्या एका गावातून एक शेतकरी असाच आला. त्याच्या बापानं गावचा तलाव बांधला होता. त्या म्हाताऱ्याचा जन्म पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकण्यात गेला, कॅमेऱ्यासमोर बसायला कधी सवडच झाली नाही. दोन दिवसांनी धानाला तलावाचं पहिलं पाणी सोडायचं होतं. तेव्हा पाळीवर नारळ फोडतात. यंदा बापाचा फोटो ठेवून फोडायचा, असं त्याच्या मनात होतं.

"नाक मायासारखाच होता," तो म्हणाला. "मिशा मातर झुपकेदार. अना कान मोठे."

मी त्याला बसवलं, फोटो काढला, तो सायकलवर परत गेला. मी अंधाऱ्या खोलीत शिरलो आणि फिल्म आधी हायपोत बुडवली. आधी चित्र उमटवणारा डेव्हलपर, मग ते पक्कं करणारा हायपो, हे या धंद्यातलं अ आ इ. फिल्म खिडकीच्या काचेसारखी कोरी निघाली.

सरळ त्याच्या गावी जाऊन "पुन्हा बसा" म्हणायला हवं होतं. पण माझ्या हातून फिल्म बिघडत नाही, अशी फुशारकी मी बाजारभर मारून ठेवली होती. मग पेटीतला फेटा डोक्याला गुंडाळला, नाटकवाल्यांनी विसरलेल्या मिशा चिकटवल्या आणि स्वतःच खुर्चीत बसलो. कॅमेऱ्याशी बायको. आमचं लग्न नुकतंच झालेलं.

"बुडे झाल्यावर तुमी असे दिसाल जी?" ती म्हणाली आणि हसता हसताच बटण दाबलं. कॅमेरा हलला. ती शेवटची फिल्म होती. चेहरा धूसर, उजळ आला, त्यावरच मी पेन्सिल चालवली.

शेतकरी फोटो बघत बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, मेलो आता. तो म्हणाला, "बाबाच्या तोंडावर तेज आला जी!"

तेज कसलं, माझ्या बायकोचं हसू होतं ते.

पुढं दरवर्षी पाणी सोडायच्या दिवशी फोटो काढायला मलाच बोलावणं येऊ लागलं. गाव माझ्या पाया पडायचं आणि मी गावाचे फोटो काढायचो. एकदा कोणी तरी ओरडलं, "फोटोग्राफर साहेब, तुमीबी पाया पडा ना. कायले लाजून राहिले?" पडलो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "झालं का स्वतःचं दर्शन?"

मीही हसायचो. मग तो शेतकरी अंथरुणाला खिळला. भेटायला गेलो तर फोटो उशाशी ठेवलेला. माझा हात धरून म्हणाला, "तुमच्यामुळं बाबा डोळ्यापुढं राहिले. नाही तं मी त्यायचा तोंड इसरून गेलो असतो." तोंड तो विसरलाच होता. मीच विसरायला लावलं होतं. त्या दिवसापासून मला त्या गोष्टीचं हसू आलं नाही.

परवा त्याची मुलगी घरी आली. आता शेती तीच बघते. फोटो हारासकट कापडात गुंडाळून आणला होता. पाळीवर आजोबांचा दगडी पुतळा बसवायचा ठरला होता आणि मूर्तिकाराला मोठा, साफ फोटो पाहिजे होता.

"तुमच्यापाशी फिल्म असन ना काकाजी?" तिनं विचारलं. मग कापड सोडून फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काकाजी, तुमी तं हुबेहूब आमच्या आज्यावानी दिसून राहिले."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "सांगून टाका जी आता. दगडावरचं पेन्सिलीनं खोडता येत नाही."

मी सगळं सांगितलं. हायपो, मिशा, सगळं. तिनं फोटो उचलून माझ्या तोंडाशेजारी धरला.

"म्हंजे एवढी वर्षं आमी तुमाले नारळ फोडले?"

"हो."

"अना परसादबी तुमीच खाल्ला?"

"हो."

तिच्या ओठांवर हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं. "माया बाबानं मरताना तुमचा तोंड पाहिला, काकाजी."

 पाणी सोडायच्या दिवशी पाळीवर उभा राहून गावाला सगळं सांगतो, एवढंच म्हणालो.

"सांगाच," ती म्हणाली.

"आणि पुतळा?"

तिनं फोटोवरचा वाळका हार काढून आपल्या पिशवीत ठेवला आणि फोटो माझ्याकडे सरकवला. "आज्याचा तोंड आता कोणालेच ठाऊक नाही. पण तलाव का तोंडानं खोदला होता? हात बनवू. हातात फावडा देऊ."

"कोणाचे हात?" मी विचारलं.

तिनं आपले दोन्ही हात टेबलावर पसरले. रुंद, काळे, धानाच्या रोवणीनं भेगाळलेले. "रक्त तं तेच हाये ना? काढा फोटू. यंदा माया काढा, तुमचा नोको."

मी मुलाचा मोबाइल मागून घेतला. बायको हसत हसत बघायला दारात आली, तेव्हा तिला आधी स्वयंपाकघरात पाठवलं आणि मगच बटण दाबलं.