उंदराला लिहूच दिलं नाही

यंदाच्या उन्हाळ्यात तुमच्या बाबाने ठरवूनच टाकलं की आजीला आता नांदेडला एकटं ठेवायचं नाही. कारणंही त्याच्याकडे तयार होती. गॅस दोनदा चालू राहिला होता, एकच गोष्ट मी फोनवर तीनदा सांगितली होती आणि शेजारणीचं नाव मला आठवेना.

"आई, तू सगळं विसरून राहिलीस. लातूरला खोली लावून ठेवलीय. सामान बांध."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. पण हे सगळं एका महिन्यातलं होतं. मी गोळ्यांचा डबा उघडून बसले. वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून एक गोळी नवी होती, खाज येते म्हणून दुसरी. चष्मा लावून दोन्हींचे कागद वाचले आणि मला आमची प्रयोगशाळा आठवली.

फार्मसी कॉलेजात मी पांढऱ्या उंदरांवर काम करत असे. पेटीच्या मधोमध लाकडी चौथरा असायचा. उंदीर खाली उतरला की पायाला विजेचा हलका झटका बसे. दुसऱ्या दिवशी शहाणा उंदीर चौथऱ्यावरून हलत नसे. पण आदल्या दिवशी झटक्याआधी स्कोपोलामाइन टोचलेला उंदीर खुशाल खाली उतरे. मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या असतो, त्याची वाट ते औषध अडवतं. मी वहीत लिहिलं, 'विसरला'. रोज मुदखेडहून गाडीने येणारे आमचे प्रयोगशाळा परिचर मागे उभे राहून हसले.

"म्याडम, इने भूला नै. तुमीच उसकू लिखने नै दिये."

मला राग आला. पण आठवड्याने त्याच उंदराला औषध न देता शिकवलं, तर दुसऱ्या दिवशी तो चौथऱ्याला चिकटून बसला. म्हणजे पहिल्या वेळी झटका त्याच्या मेंदूत लिहिलाच गेला नव्हता. मी 'विसरला' खोडलं.

माझ्या दोन्ही गोळ्याही त्याच निरोप्याची वाट अडवणाऱ्या होत्या. तुमचा बाबा मला लातूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, तेव्हा मी त्यांच्यापुढे दोन्ही पाकिटं ठेवली.

"आजी, वयानं होतं असं."

"वय मागच्या महिन्यात सुरू झालं नाही डॉक्टर. गोळ्या झाल्या."

"गुगलवर वाचलंत का?"

"नाही. उंदरांना सुया टोचल्यात."

ते हसले, पण मग कागद नीट वाचले. एक गोळी बंद केली, दुसरी बदलली. महिनाभर पाहू म्हणाले.

"मग महिनाभर आमच्याकडेच राहा," तुमचा बाबा म्हणाला.

"तिथं मी काही विसरले तर तुझी बायको सावरून घेणार. मग कळायचं कसं? मला माझ्या घरी सोड."

वाटभर तो गॅस बंद करायचं बजावत राहिला. पण सोडलं.

महिनाभर रोजच्या चुका मी वहीत लिहिल्या, एकही लपवली नाही. सगळं खरं लिहिलंय म्हणून शेजारणीचीही सही घेतली. परवा तुमचा बाबा आला, उभ्यानेच वही वाचली.

"शेवटच्या आठवड्यातसुद्धा चार आहेत, आई."

"असू देत. बहात्तर वर्षांची आहे मी. पण ह्या चारही माझ्या मला सापडल्या, तुला सांगाव्या लागल्या नाहीत."

तो बराच वेळ पानं उलटत राहिला. मग म्हणाला, "चहा टाक."

मी टाकला. लातूरची खोली तुम्ही दिवाळीत आलात की वापरा. मी इथेच आहे.