पटाच्या दिवशीची गोळी

माईक हातात आला की माणसं आधी त्यात फुंकतात. तुम्हीही पाहिलं असेल, आणि खरं सांगा, कधी तरी फुंकलंही असेल. माझा साऊंड सर्व्हिसचा धंदा आहे, अकोल्याच्या जुन्या शहरात, आणि या फुंकण्याने माझं डोकं इतक्या वेळा उठलंय की कुणाच्या हातात माईक देताना मी अजूनही तोंड फिरवतो. आमचे निवेदक भाऊ कधी फुंकत नसत. नखाने जाळीवर हलकेच टिक-टिक करायचे, डावा हात कानावर ठेवायचे, लांबच्या भोंग्यातून आवाज परत येईस्तोवर थांबायचे आणि मग सोडायचे, "मंडळी, पापणी लवू देऊ नोका!"

हे वाक्य शंकरपटाचं. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. झेंडा पडला की जोडी सुटते आणि तुम्ही घाम पुसेपर्यंत धुळीचा लोट पल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला असतो. ज्याची पापणी लवली, त्याचा पट हुकला. पण भाऊंना ते वाक्य इतकं जडलं होतं की एका लग्नात अंतरपाट खाली येताना त्यांनी तेच ठणकावून सांगितलं. नवरीची आत्या आठवडाभर फुगून बसली होती.

उमेदीत ते धान्यबाजारात हर्रास बोलायचे. तुरीच्या ढिगावर उभं राहून भाव पुकारायचा, भोवती गलका, आणि त्या गलक्याच्या वर एकच आवाज. तो आवाज पुढे पटाच्या मैदानांनी उचलला. मी त्यांच्यामागे अॅम्प्लिफायर आणि वायरींची वेटोळी घेऊन गावोगाव हिंडलो. मग पटावर बंदी आली. ती सगळी वर्षं भाऊ कबड्डीचे सामने बोलले, गणपतीच्या आरत्यांच्या वेळा सांगितल्या, जत्रेत हरवलेली पोरं आईबापांना मिळवून दिली. पण मला भेटले की विचारणं ठरलेलं, "भोंगे पुसून ठेवले ना गड्या? पट सुरू होनार हाय."

आणि बंदी उठली! भर दुपारी भाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात घुसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, काउंटरवर थाप मारून ओरडत होता, "उठली रे, उठली!" समोरच्या चहावाल्याला वाटलं, यांच्या घरातून कुणाची तिरडीच उठली. तो बिचारा डोक्यावरची टोपी काढून धावत आला. त्यालाही पेढा मिळाला.

पट हिवाळ्यात भरणार होते. त्याआधी आमच्या भागात एक मोफत तपासणी शिबिर झालं. साऊंड माझा, आवाज भाऊंचा. सकाळपासून ते लोकांना हाका मारत होते, "या, बीपी तपासून घ्या, फुकट हाय!" दुपारी तिथली सिस्टर वैतागून म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण हात द्या इकडे." तिने नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली. मग डॉक्टरांना बोलावलं. ईसीजीची पट्टी निघाली. ठोके कधी जवळ, कधी लांब, कशाचा कशाला मेळ नाही.

"छातीत फडफड होते का कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"होते ना. मले वाटलं, पटाची खुशी हाय."

भाऊंची लेक अमरावतीला असते, नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर आहे. ती दुसऱ्याच दिवशी येऊन त्यांना अमरावतीच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. "काका, तुम्ही पण चला, बाबा तुमचं ऐकतात," असं तिने मला सांगितलं. ते खोटं होतं, पण मी गेलो.

डॉक्टर म्हणजे तरुण बाई होत्या, शांत. त्यांनी कागदावर हृदय काढलं. वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. त्यातल्या एकाला कानासारखी पिशवी असते, तिच्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती निसटून मेंदूत गेली की लकवा. "तुमचं वय आहे, बीपी आहे. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी लागेल."

"रक्त पातळ?" भाऊंचा चेहरा उतरला. "म्हंजे चहात पानी टाकल्यावानी?"

"पातळ होत नाही हो. लवकर गोठत नाही, एवढंच."

"अन् लकवा आला तं काय जाते? हात का पाय?"

"कधी हात, कधी पाय. कधी बोलणं जातं."

लेकीने भाऊंच्या पाठीवर हात ठेवला तर तो त्यांना कळला नाही. मग एकदम खुर्चीत सरसावून बसले. "बोला मॅडम, मैदानात जोड्या कोनकोनत्या हायेत?"

बाईंनी सांगायला सुरुवात केली आणि यांनी टेबलावरचा पेन उचलून माईकसारखा धरला. "मंडळी, पयली जोडी जुनी गोळी! स्वस्त हाय, दमदार हाय, पन खोडीची. घडीघडी रक्त तपासा, पालक जास्त खाल्ली की बिथरते. दुसरी जोडी नवी गोळी! महाग हाय, पन तपासनीची कटकट नाई. सकाळ-संध्याकाळ वेळ मात्र पक्की. एक खेप चुकली की जोडी पटाबाहेर!" बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावू लागले. बाई आधी कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या, नंतर त्यांना हसू आवरेना.

"शेजारचा एक जन ते बारकी गोळी खाते, अॅस्पिरिन. ते कशी हाय?"

"या कामाला ती पुरत नाही. आणि रक्त तिनेही वाहू शकतं."

"लसून? अर्जुनाची साल?"

"लसूण भाजीत खा. गोळीच्या जागी नको. आणि साल सुरू करण्याआधी मला विचारा."

बाईंनी दुसरी बाजूही सांगितली. हिरड्यांतून रक्त येऊ शकतं, अंगावर निळे डाग पडतात, शौचाला काळं झालं तर लगेच यायचं, आणि डोक्यावर पडलात तर लागलेलं दिसो न दिसो, तडक दवाखाना. भाऊंनी मान डोलावली. नवी गोळी ठरली. परतीच्या गाडीत मी खूश होतो. भाऊ खिडकीबाहेर पाहत एवढंच पुटपुटले, "अन् बैलाचं शिंग लागलं तं रे?" मी हसलो आणि विसरून गेलो.

पातूरच्या पलीकडे पट भरला. काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांनी ती काळी माती, झाडून सपाट केलेला पल्ला, शिंगांना लावलेले रंग, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यांच्या आरोळ्या. तालुक्यातालुक्यांतून माणूस लोटला होता. म्हातारे नातवांना खांद्यावर घेऊन आले आणि स्वतःच टाचा उंचावून पाहू लागले. भोंग्यातून भाऊंचा आवाज आला, "मंडळी, पापणी लवू देऊ नोका!" आणि मैदानाने जी आरोळी ठोकली, ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला. माझे भोंगेही त्या दिवशी वेगळेच वाजत होते. लोक म्हणतील यंत्राला काय कळतं. म्हणू द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट ऐन रंगात होता. एक जोडीवाला घड्याळाने दाखवलेल्या वेळेवरून भाऊंशी तावातावाने भांडून गेला होता. पुढची जोडी रेषेवर आणत होते. टिक-टिक झाली. "मंडळी, पापणी..." आणि पुढचे शब्द चिखलातून ओढल्यासारखे आले. "लव... लवू... दे..."

"ओ साऊंडवाले! माईक बदला!" लोक ओरडले. "मशीन गेली यायची!"

माझा हात सवयीने बटणांवर गेला. पण त्याच माईकमधून बैलांच्या घुंगरमाळा स्वच्छ ऐकू येत होत्या. छन् छन्, एकेक घुंगरू वेगळं. माझी मशीन ठणठणीत होती.

मी मंचाकडे धावलो. भाऊंच्या हातातला माईक कलला होता आणि तोंडाची एक बाजू खाली आली होती. ते माझ्याकडे पाहून काहीतरी सांगत होते आणि त्यांना वाटत होतं की ते नीट बोलताहेत. मी ओरडलो, "गाडी! गाडी आणा कुणीतरी!" सगळ्यात आधी गाडी लावली ती मघाशी भांडलेल्या जोडीवाल्याने. भाऊंना मागच्या सीटवर आडवं केलं, माझ्या मांडीवर डोकं. तो माणूस हॉर्नवरचा हात न काढता अकोल्यापर्यंत आला. वाटेत फक्त एकदाच बोलला, "यायचा आवाज नाई गेला पायजे बाप्पा."

मलाही तेच वाटत होतं. हात जावो, पाय जावो, आवाज नको. असं म्हणू नये, पण मी तेच म्हणत होतो.

दवाखान्यात आधीच फोन केला होता, त्यांनी दारातूनच स्कॅनला नेलं. मी भिंतीला टेकून उभा. थोड्या वेळाने सिस्टरने आत बोलावलं. भाऊंचं तोंड बरंच सरळ झालं होतं. माझ्याकडे बघून, एकेक अक्षर उचलत त्यांनी विचारलं, "कोन... ती... जोडी आली?"

"भाऊ, निकाल तुम्हीच सांगणार होते ना!" मी म्हणालो, आणि तिथेच हमसून रडलो. हसतही होतो. जोडीवाला तर दारातच मटकन खाली बसला.

तिथले डॉक्टर म्हणाले, गुठळी लहान होती, आपली आपण विरघळली, दर खेपेला विरघळेल असं समजू नका. मग त्यांनी विचारलं, शेवटची गोळी कधी घेतली? भाऊंनी छताकडे पाहिलं.

"पटाचे दिवस घेतली नाई."

"काहून?" मी जवळजवळ किंचाळलो.

"बैल हायेत, शिंगं हायेत, गर्दी हाय. लागलं तं रक्त थांबलं पायजे ना. पट झाला की घेनारच होतो."

आता बोला! माणसाने इतका विचार करावा आणि सगळा उलटा करावा. लेक अमरावतीहून आली, बापाच्या कुशीत आधी रडली आणि नंतर अशी काही बोलली की शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनेही आपली गोळी मागून घेतली.

घरी सोडल्यावर पुन्हा अमरावती. या खेपेला भाऊ नवीच जोडी घेऊन आले होते. कुणीतरी सांगितलं होतं की नागपूरला त्या हृदयातल्या पिशवीला बूच बसवतात. "बसवून टाका मॅडम. मंग गोळीही नाई अन् शिंगाचा भेवही नाई."

बाईंनी ते उडवून लावलं नाही. मांडीच्या शिरेतून नळी घालून ते बसवतात, खरं आहे, म्हणाल्या. पण ते मुख्यतः रक्तस्रावामुळे ज्यांना गोळी सोसत नाही त्यांच्यासाठी. बसवतानाही धोका असतो, आणि नंतर काही काळ औषधं असतातच. "तुम्हाला गोळीचा काही त्रास झाला का? एखादा डाग? हिरडी?"

"नाई."

"मग गोळीचं काय चुकलं? तिचा अंमल दिवसभरात उतरतो. तुम्ही ज्या दिवशी ती सोडली, त्याच दिवशी ती हवी होती." मग त्या पुढे वाकल्या. "भाऊ, शिंग लागून रक्त आलं, तर दाबून धरता येतं, आम्हाला थांबवता येतं. मेंदूतली गुठळी तुम्ही कुठे दाबून धरणार? निर्णय तुमचा आहे. आज नका सांगू हवं तर."

भाऊंनी लेकीकडे पाहिलं. मग त्यांचा हात आपसूक गळ्याकडे गेला.

"आजच सांगतो. गोळी. पटाच्या दिवशी तं दोनदा ध्यान देऊन. पन एक करा, या साऊंडवाल्याले सांगा, माया मंच बैलापासून दूर बांधजो म्हना."

मंच मी कुंपणामागे बांधला. आणि पुढच्या पटात काय झालं ते ऐका. दिवसाची शेवटची जोडी धावली, सूर्य कलला, लोक उठायला लागले. टिक-टिक झाली. "मंडळी, थांबा! माया गोळीची वेळ झाली. तुमच्यात कोना-कोनाची राह्यली असंल, बीपीची, साखरेची, रक्ताची, खिशातून काढा! पटाच्या दिवशी गोळी चुकवली तं काय होते, ते मले विचारा!" आधी हशा पिकला. मग एका फेटेवाल्या बुवांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. मग दुसऱ्याने. बघता बघता मैदानभर म्हातारे एकमेकांना पाण्याची बाटली देत होते. भाऊंनी माईकवरच गोळी गिळली. तो घोट भोंग्यातून चारी दिशांना ऐकू गेला आणि लोकांनी जिंकलेल्या जोडीला वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर प्रत्येक पटात हे ठरून गेलं. लोक त्यासाठी थांबू लागले.

गेल्या पावसाळ्यात भाऊ गेले. न्यूमोनिया झाला होता. शेवटच्या दिवशीही वॉर्डात मोठ्याने बोलल्याबद्दल सिस्टरची बोलणी खात होते. आवाज शेवटपर्यंत खणखणीत, एक अक्षर सांडलं नाही.

यंदाच्या पटाला नवा निवेदक आणला. पोरगा हुशार आहे, पण फुंकतो. शेवटची जोडी धावली, त्याने निकाल सांगितला, सगळ्यांचे आभार मानले आणि माईक खाली ठेवला. मी वायर गुंडाळायला वाकलो आणि सहज वर पाहिलं. म्हातारे उठले नव्हते. कुणाच्या हातात पुडी, कुणाच्या हातात बाटली, आणि सगळ्यांची तोंडं माझ्या भोंग्याकडे.

मी आयुष्यभर माईकवर "हॅलो, चेक" यापलीकडे काही बोललो नव्हतो. मी माईक उचलला, नखाने टिक-टिक केली, डावा हात कानावर ठेवला आणि लांबच्या भोंग्यातून ती टिक-टिक परत यायची वाट पाहिली.

"मंडळी," मी म्हणालो, "गोळ्या घ्या."