येते म्हणजे जाते

सिंगापुरात पहिल्या वर्षी, दोन हजार दोन साली, माझ्या तोंडाला काही कामच उरलं नव्हतं. आणि मी कोण, तर पुण्यात रिक्षावाल्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांशी दोन शब्द बोलल्याशिवाय जिला जेवण पचत नसे अशी बाई. नवऱ्याला चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत कॉम्प्युटरची नोकरी लागली, म्हणून मी माझी कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडून त्याच्यामागे आले. तिथे राहायच्या माझ्या पासवर 'डिपेंडंट' असं छापलेलं होतं. म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून. घ्या! तो सकाळी जायचा तो रात्री जेवायच्या वेळेला उगवायचा आणि आल्या आल्या दमलोय म्हणायचा. मरीन परेड भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी आणि पंखा. एकटेपणा इतका वाढला की मी आमटीशी बोलायला लागले होते.

इमारतीत माणसं नव्हती असं नाही. लिफ्टमध्ये भेटली की "जेवलीस का?" असं इंग्रजीत विचारायची. मला वाटलं, काय अगत्य आहे! मी आपली काय केलं होतं, मीठ कसं जास्त पडलं, सगळं सांगायला लागायची, तेवढ्यात त्यांचा मजला यायचा. तिथे जेवलीस का म्हणजे नुसता नमस्कार, हे कळायला मला बराच काळ लागला.

अशात एकदा बाजारातून आले तर कुलूप उघडेना. मी त्या कुलपाला मराठीत यथेच्छ शिव्या घालत होते, तोच शेजारचं दार उघडलं. एक चिनी म्हातारी उभी. नव्वदी केव्हाच ओलांडलेली, पण पाठ ताठ, पांढरे केस कानाच्या पाळीशी सरळ कापलेले. कोणाला रागावते आहेस, असं तिने स्वच्छ इंग्रजीत विचारलं. मी म्हणाले, कुलपाला. त्यावर ती म्हणाली, "मग आत ये. ते ऐकणार नाही, मी ऐकेन."

ती शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका होती. लग्न केलेलं नव्हतं. घरात ती आणि तिला सांभाळणारी फिलिपिनो हेल्पर, आणि रविवारी येणारा एक पुतण्या, तोही साठीचा. त्या दिवसापासून मी रोज चार वाजता तिच्याकडे जायला लागले. आठवडाभरात मला कळलं की ही बाई एकोणीसशे वीसच्या दशकात अमेरिकेत कॉलेजला होती. इथल्या मिशन शाळेने तिला शिष्यवृत्तीवर पाठवलं होतं. माझा आ वासलेलाच राहिला.

तिच्याकडे गोष्टींचा साठा होता आणि मला तर कान भरून ऐकायला काहीतरी हवंच होतं. एका लहान गावातलं ते कॉलेज. मुलं रॅकून नावाच्या प्राण्याच्या कातड्याचे पायघोळ कोट घालून फुटबॉल बघायला जायची. देशात दारूबंदी, पण प्रत्येक कोटाच्या आतल्या खिशात चपटी बाटली. मुलींच्या वसतिगृहावर एक मेट्रन. कोणा मुलाबरोबर फिरायला जायचं तर तिच्याकडे सांगून जायचं आणि दहाच्या आत परत. मुलींचे ग्रीक अक्षरांच्या नावांचे क्लब होते आणि कोणाला घ्यायचं ते आतल्या मुली ठरवायच्या. हिला कोणीच बोलावलं नाही. नाचाच्या कार्यक्रमाला प्रत्येकीच्या मनगटाला एक छोटं कार्ड आणि बारकी पेन्सिल बांधलेली असायची, त्यावर मुलांनी येऊन एकेका नाचासाठी आपापलं नाव घालायचं. हिच्या कार्डावर एकदा फक्त भूगोलाच्या प्रोफेसरांचं नाव होतं. पेन्सिल मात्र छान होती, ती म्हणाली, मी ती पुढे कितीतरी वर्षं वापरली.

कॉलेजच्या मुख्य रस्त्यावर सगळ्यांनी सगळ्यांना हॅलो म्हणायचं असा तिथे नियमच होता. ती सांगायची, मला दिवसाला शंभर हॅलो मिळायचे, पण थांबायचं कोणी नाही. हे ऐकलं की मला आमची लिफ्ट आठवायची आणि आम्ही दोघी हसायचो.

सहा वाजले की नवऱ्यासाठी कुकर लावायला मी उठायची. आता आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत. आईने लहानपणी त्यापायी पाठीत धपाटे घातलेले. तेव्हा मी आपलं 'येते हं' याचं सरळ इंग्रजी करायची: ओके, आय विल कम. म्हातारी मान डोलवायची. मी चप्पल घालून घरी.

एक दिवस हेल्परने मला कॉरिडॉरच्या कठड्यापाशी गाठलं. बिचारी भिडस्त, पण त्या दिवशी घुश्शात होती. तुम्ही येते म्हणता आणि येत का नाही, तिने विचारलं. मॅडम जेवत नाहीत. तुम्ही गेल्यावर खुर्ची दाराकडे वळवून बसतात. मी झोपायला चला म्हटलं की सांगतात, ती येते म्हणाली आहे.

मी कपाळावर हात मारला. अगं बाई, म्हणजे इतके दिवस रोज? मी तशीच आत गेले आणि माझं तोंड चालेल तेवढ्या वेगाने समजावून सांगितलं. आमच्याकडे 'जाते' म्हटलं तर माणूस कायमचं गेल्यासारखं वाटतं, म्हणून जाताना 'येते' म्हणतात. येते म्हणजेच जाते. बोलता बोलता मलाच ते किती अडाण्यासारखं वाटायला लागलं. ती रागावेल असं वाटलं होतं. पण तिने मला बसवलं आणि जी गोष्ट आजवर सांगितली नव्हती ती सांगितली.

पहिल्या वर्षी नोव्हेंबरच्या सुट्टीत सगळं वसतिगृह घरी निघालं होतं. शेजारच्या खोलीतली मुलगी तिला म्हणाली होती, तू आमच्या घरी यायलाच हवंस, आईला किती आनंद होईल! हिने बॅग भरली. हॅट घातली, कोट घातला आणि खालच्या दिवाणखान्यातल्या बाकावर जाऊन बसली. गाड्या आल्या, गेल्या. ती मुलगी पण समोरून गेली, हात हलवून. तरी ही बसून राहिली, कारण तिला वाटलं, गाडीत बॅगा ठेवून ती बोलवायला येईल. शेवटी अंधार पडल्यावर मेट्रनबाई दिवे मालवायला आल्या. त्यांनी हिच्या डोक्यावरची हॅट काढून घेतली आणि म्हणाल्या, "पोरी, आमच्यात तसं म्हणायची पद्धत आहे."

आमच्या पुण्यातही 'या एकदा घरी' म्हणतात आणि पत्ता सांगत नाहीत, एवढंच मी म्हणाले. ती हसली, पण माझा हात सोडला नाही. मग म्हणाली, "इंग्रजीत ते खोटं होतं. तुझ्या भाषेतच म्हणत जा." त्यावर काय उत्तर द्यायचं तेही तिने शिकून घेतलं. त्यानंतर रोज सहाला मी 'येते' म्हणायची आणि ती मास्तरणीच्या आवाजात 'ये' म्हणायची. मग जेवायची. मी उठून उभी राहिले की ती आधीपासूनच ओठ उघडून तयार असायची, आणि खरं सांगते, त्या एका अक्षरासाठी मी दिवस काढत होते.

पुढच्या वर्षी सार्सची साथ आली. तोवर ओळख झालेल्या मराठी मंडळींची शनिवारची जेवणं बंद झाली, लिफ्टमधला तो 'जेवलीस का'सुद्धा मास्कच्या आड गेला. पुतण्याने घरात कोणी यायचं नाही असं बजावलं. मग आम्ही आपापल्या दारात खुर्च्या टाकून बसायचो, मधे कॉरिडॉर. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून मी ओरडून बोलायची. नवरा म्हणाला, अख्ख्या मजल्याला आपली भाजी कळते. कळू दे.

मे महिन्यात ती सकाळी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड. स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा नेणारी माणसं पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली, मला कोणी पुढे होऊ देईना. लिफ्टपाशी तिने मान वळवून मला शोधलं. मास्क खाली ओढला आणि म्हणाली, "येते."

मला 'ये' म्हणायचं होतं. पण नुसता हात वर झाला, आणि लिफ्टचं दार लागलं.

तेव्हा हॉस्पिटलात भेटायला कोणालाच सोडत नव्हते, पुतण्यालाही नाही. मी रोज चार वाजता माझ्या दारात खुर्ची टाकून बसायची. येते म्हणजे जाते, हे तिला शिकवणारी मीच, तरी लिफ्टचा आवाज आला की उठायची. नवऱ्याने एकदा चिडून विचारलं, कोणाची वाट बघतेस? मी त्याच्यावर उखडले आणि खुर्ची तिथेच ठेवली.

मग एका दुपारी लिफ्टमधून पुतण्या बाहेर आला. एकटाच, हातात तिचा चष्मा. काय झालं ते त्याला सांगावं लागलं नाही. त्याने माझे आभार मानले, हेल्परशी हळू आवाजात काही बोलला, आणि निघताना माझ्यासमोर थांबला. शेवटच्या दिवशी नर्सने फोन तिच्या कानाशी धरला होता, तो म्हणाला, तेव्हा ती एकच शब्द सारखा म्हणत होती. आमच्या भाषेतला नाही. त्याने तो उच्चारून दाखवला, अगदी तिच्यासारखा, 'ते' लांबवून.

"म्हणजे काय?"

"येते, असा अर्थ आहे," मी म्हणाले. "परत येईन."

त्याने चष्म्याच्या काड्या उघडून मिटल्या. "पण ती आली नाही."

"आमच्यात तसं म्हणायची पद्धत आहे," मी म्हणाले, आणि त्या परक्या माणसासमोर हमसाहमशी रडले.