आयरिश वकिलाला मोगऱ्याचा हार

चहा घ्या आधी, मग हसा पोटभर. माती मीच खाल्लीय, लपवू कशाला?

वर्ल्डकपची स्टेडियमं उभी राहत होती तेव्हा मी कतारला सुतार होतो. दोह्याच्या नजमा भागात एका खोलीत सहा जण राहायचो. आमचा इंजिनियर साहेब आयरिश. एका शुक्रवारी त्याने मला मुऐदरच्या आपल्या व्हिलावर बोलावलं. त्याच्या गावाहून पेटी आली होती. उघडली तर हे एवढं मोठं तैलचित्र! काळा कोट, पांढरे कल्ले, हातात कागदांची गुंडाळी. साहेब बघतच राहिला. डोळे ओले!

मी चित्र भिंतीला धरलं, सरकवता सरकवता हळूच विचारलं, "सर, फादर?"

"येस, येस... ओ! गॉन टू फार!"

'गॉन' म्हणजे गेले, एवढं इंग्रजी येतं हो मला! बिचारा. बाप गेला आणि हा इथे वाळूत. मलाही घर सोडून दोन वर्षं झालेली. गलबलून आलं.

पुढच्या शुक्रवारी फळ्या ठोकायला गेलो तो मोगऱ्याचा हार घेऊनच. साहेब आत होता. हार घातला, उदबत्ती लावली, फोटो काढून बायकोला पाठवला. खाली लिहिलं, 'साहेबांकडे वाईट झालं.'

तेवढ्यात साहेब बाहेर आला. "हे काय?"

"सर, युवर फादर..."

"माझे वडील? आत्ताच फोनवर बोललो! गायींचं दूध काढतायत!"

मग उलगडा झाला. त्याला वाटलेलं, मी 'फार्दर' म्हणतोय, म्हणजे आणखी सरकवू का! आणि मी ते जास्तच सरकवलं होतं, म्हणून 'टू फार'!

"मग हे कोण?"

"कोणी वकील. दीडशे वर्षांपूर्वीचा. लिलावात घेतला."

"मग तुम्ही रडलात का?"

त्याने चित्रातल्या खिडकीवर बोट ठेवलं. हिरवी टेकडी, वर ढग. "हे आमच्याकडचं आभाळ."

बाहेर पांढरं रखरखीत ऊन.

फोन वाजला. बायको, सुनंदा.

"अहो, फोटो बघितला. साहेब गेले ना? फार वाईट झालं. मग काम बंद? कधी येताय? आईंनी तुमची गादी उन्हात टाकलीसुद्धा!"

"अगं, कोणी गेलं नाही. घोटाळा झाला."

बारीक आवाजात, "म्हणजे... नाही येणार?"

आता सांगा, माझ्यासारखा शहाणा कुठे मिळेल? हार घातला दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या वकिलाला, आणि रडवलं कोणाला? स्वतःच्याच बायकोला!