तांबडीचं पोट

छावणीतला एक गोरा साहेब बदलून गेला, तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. आमच्याकडं त्या वेळी निजामाचं राज्य होतं, पण औरंगाबादच्या छावणीत इंग्रजांची पलटण असे. तिच्या घोड्यांना गवत पुरवायचं काम आमचं, म्हणजे माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं. लिलावात मी एक शिसवी पेटी घेतली. बोली माझ्या नावावर सुटली, पण भाव जास्त वाटला, तेव्हा अडून बसलो, वर काहीतरी द्याच म्हणून. खानसामा वैतागला आणि त्यानं एक पिंजरा माझ्या हातात कोंबला. आत दोन गिनीपिग होत्या, दोन्ही माद्या. एक तांबडी, एक कबरी. आमच्या गल्लीत लोक त्यांना विलायती उंदीर म्हणायचे. गवताची पेंढी सोडली की नुसत्या सळसळीनं दोघी एकदम शिट्ट्या घालायच्या.

पुढं भावाशी वाटणी झाली. हा धंदा मी डोक्यावर भारे वाहून उभा केला. हर्सूलच्या कुरणातलं गवत भल्या पहाटे कापून आणणारा मी, आणि गादीवर बसून गोड बोलणारा तो. तरी चार माणसांत, पंचांसमोर तो म्हणाला, "ह्याच्या तोंडापायी गिऱ्हाईक तुटतंय. मला ह्याच्यासंगं धंदा नाय करायचा."

ते वाक्य मी विसरलेलो नाही, आणि विसरायचं काही कारणही मला दिसत नाही.

मग मीही काही सोडलं नाही. गाडी त्याला तर बैल मला. तराजूचं एकेक पारडंसुद्धा वाटून घेतलं. शेवटी पिंजरा उरला. एक म्हातारे पंच म्हणाले, "अरं, मुकी जनावरं हायेत. ऱ्हाऊ द्या की एका जागी."

मी म्हटलं, "एक त्याची, एक माझी."

वहिनीनं कबरीला पदरात घेतलं आणि ती आत गेली. पिंजरा आणि तांबडी माझ्या वाट्याला आली.

मी गुलमंडीमागं दोन खोल्यांत राहू लागलो, गवताचं वेगळं दुकान मांडलं. बायको प्लेगात गेलेली, दुसरं लग्न केलं नव्हतं. दुकान बंद करून घरी आलो की बोलायला तांबडीच. दिवसभर कोण कसं फसवायला बघत होतं आणि मी त्याला कसा पुरून उरलो, हे तिला सांगायचो. भावाचा विषय निघाला की आवाज चढायचा, आणि ती कोपऱ्यात जाऊन बसायची.

खायला मी तिला उत्तमातलं उत्तम घालायचो. आमच्या धंद्यात गवत हा विकायचा माल. ज्या जनावरावर जीव, त्याला हरभरा. स्वार आपल्या घोड्याला भिजवलेले हरभरे आणि वर गुळाचा खडा कसा प्रेमानं भरवतो, ते मी रोज बघत होतो. गवतवाल्याच्या घरातलं जनावरही गवतच खातं, असं कुणी म्हटलेलं मला चाललं नसतं. म्हणून तांबडीला हरभरे, गूळ, तूप लावलेली भाकरी. ती गुबगुबीत झाली. मला अभिमान वाटायचा.

एका सकाळी ती अंग फुलवून, पाठ वाकवून बसलेली दिसली. दात करकर वाजत होते. पिंजऱ्यात एकही लेंडी नव्हती. पोटाला हात लावला तर तबल्यासारखं टणक. गूळ पुढं केला, तिनं तोंड फिरवलं.

मी पिंजरा उचलून छावणीत घोड्यांच्या डॉक्टरकडं, सलोत्रीचाचांकडं गेलो.

"क्या खिलाते सेठ इसकू?"

"हरभरे. अव्वल माल. निवडून, भिजवून."

"और घास?"

"घास मी विकतो."

"वोइच तो पूछा मैं. सारी छावनी कू घास, और घरवाली कू नक्को?"

मी तडकलो. "चाचा, दवा काय ती बोला, अन् काय घेणार ते बोला!"

"घोडे की लीद बंद हुई तो तुम दवा का भाव पूछते बैठते क्या?"

लीद थांबलेला घोडा मी पाहिला होता. चाचा तिचं पोट हलक्या बोटांनी चोळत सांगत गेले. ह्या जनावराचं पोट कधी रिकामं राहता कामा नये. वरून गवत येत राहिलं तरच आतलं पुढं सरकतं. हरभऱ्यानं नुसता वायू धरतो. दिवसभर सुकं गवत, शिवाय रोज थोडं हिरवं, कोवळी हराळी, कोथिंबिरीच्या काड्या, पेरूची फोड. गूळ बंद. तूर्त गवत कुटून, पाण्यात कालवून थेंबथेंब तोंडात सोडायचं.

मी दुकान बंद ठेवलं. मारवेल गवत कुटलं, फडक्यातून गाळलं आणि कापसाच्या वातीनं तिच्या ओठाच्या कडेनं सोडत बसलो. गिऱ्हाईकं दार वाजवून गेली. संध्याकाळी दोन-चार लेंड्या पडल्या, बारीक, वाळक्या. पैठणहून नवी पैठणी आल्यावर बायका बघतात तसा मी त्या बघितल्या. पण आपणहून ती काडीलाही तोंड लावेना.

दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा नेलं, तेव्हा चाचांनी विचारलं, "पहले भी अकेलीच थी?"

"जोडी होती."

"फिर किधर है जोडी?"

मी पिंजऱ्यातल्या काड्या सारख्या करू लागलो.

"एक खाती तो उसकू देखके दुसरी खाती, सेठ. अकेली डरके बैठती. डरी तो पेट बंद."

भावाचं घर शहागंजात. वाटणीनंतर मी त्या गल्लीतून गेलो नव्हतो. पिंजरा घेऊन मी तिथं गेलो, तेव्हा तो ओट्यावरच बसला होता. पिंजरा बघून उठला नाही.

"कबरी मला विकत दे," मी म्हटलं.

"विकायची नाय."

"बदल्यात माझं पारडं घे. तराजू पुरा होईल तुझा."

"नवा घेतला मी. तू अजून एकाच पारड्यावर तोलतो का काय?"

मी काहीतरी झणझणीत बोलणार होतो. तेवढ्यात वहिनी बाहेर आली. कबरी तिच्या काखेत होती, कोथिंबिरीची काडी चावत. वहिनी पिंजऱ्याशी वाकली.

"अगं बाई! भाऊजी, किती मलूल झाली ही. इथंच ठेवा की तिला."

भाऊ म्हणाला, "ठेव. पण आज ठेवली अन् उद्या नेली, असं नाय चालायचं. ठेवली तर ठेवली."

आयुष्यभर मी सौदे केले. समोरच्याला काहीतरी हवं असतं, ते ओळखलं की काम होतं. ह्या माणसाला माझ्याकडचं काहीच नको होतं. मी पिंजऱ्याचं दार उघडलं.

तांबडी बाहेर येऊन नुसती बसली. कबरीनं तिचं नाक हुंगलं, मग टोपलीतली गवताची काडी ओढून चघळू लागली. काडीचं दुसरं टोक तांबडीच्या तोंडाशी हलत होतं. बराच वेळ ते तसंच हलत राहिलं. मग तांबडीनं ते धरलं.

पिंजरा मी परत नेला. तो माझ्या वाटणीचा होता.

त्यानंतर रोज सकाळी, दुकान उघडण्याआधी, मी निवडक मारवेलची पेंढी भावाच्या ओट्यावर टाकायचो.

"आमच्याकडं गवत हाय," तो म्हणायचा.

"तुझ्या गवतात कुसळं असतात."

वहिनी आतून हाक मारायची, "भाऊजी, च्या घेऊन जा!" मी जायचो नाही. आत ये म्हणून त्यानं म्हणायला हवं होतं, आणि तो कधी म्हणाला नाही.

मी पेंढीला बांधलेला गवताचा आळा सोडायचो आणि गवत गरजेपेक्षा जरा जास्तच झटकायचो. आतून शिट्ट्या यायच्या, दोन. त्यातली तांबडीची कुठली, ते मला ओळखू यायचं. मग मी दुकानाकडं निघायचो.