थरथरते की वळते

दुरुस्तीला आलेली खेळण्यातली गाडी टेबलावर ठेवली तरी दादा लगेच तिला हात लावत नसत. चष्मा कपाळावर सरकवत, खाली वाकत, उजवा गाल फळीवर टेकवत आणि एका डोळ्याने पुढच्या चाकांकडे बघत राहत. गिऱ्हाईक बोलत असे. हे ऐकताहेत की झोपलेत, ते कळायला मार्ग नसे. मग तसेच पडल्यापडल्या विचारत, "थरथरते का वळते, ते सांगा आधी."

त्यांचं दुकान गांधीबागेत, कापडाच्या दुकानांमधल्या एका बोळात, जिन्याखाली होतं. मूळ धंदा रेडिओ आणि टेपरेकॉर्डरचा. रंगीत टीव्ही घरोघर येऊ लागले त्या वर्षांत आखाती देशांतून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांमधून रिमोटवर चालणारे छोटे ट्रकही नागपुरात येऊ लागले. म्हणायला खेळणं, पण आत बरंच काही असे. रिमोटच्या लहरी पकडणारा रिसीव्हर, आणि चाकं वळवणारी काडेपेटीएवढी डबी, सर्व्हो नावाची. ही खेळणी लवकर रुसत, आणि त्यांना हात लावायला दुसरा कोणी तयार नसे. दादा तयार असत. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणत असू.

प्रतापनगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी विजेचे मीटर तपासणाऱ्या खात्यात होतो. आकडा जसा दिसेल तसा लिहायचा, मनाने काही मिळवायचं नाही, एवढंच आमचं काम. त्यामुळे आमचं जमलं असावं. सुट्टीच्या दिवशी मी माझा व्होल्टमीटर घेऊन त्यांच्या दुकानात जाऊन बसत असे.

"बिघाड थरथरतो, भाऊ," ते सांगत. "माणूस वळवतो."

याचा अर्थ मला पहिल्यांदा एका साडीवाल्या शेठजींच्या ट्रकमुळे कळला. शेठजींनी तो ट्रक टॉवेलात गुंडाळून आणला होता, जणू चावेल.

"याच्यात काही तरी आहे, दादा. रिमोट कपाटात बंद, आणि हा गादीखाली स्वतःहून हलून राहिला. घरातले पोट्टे त्या खोलीत जाऊन नाही राहिले."

दादांनी गाल टेकवला. चाकं थरथरत होती, थंडी वाजल्यासारखी. ते उठले, ट्रकचं झाकण काढलं आणि रिसीव्हरमधून निघालेलं बोटभर वायरचं टोक शेठजींपुढे धरलं.

"एरियल कोणी कापलं?"

"एरियल कोणतं? एक धागा लोंबत होता, तो कापला. कात्री हातातच होती."

जन्मभर साड्यांचे लोंबणारे धागे कापलेल्या माणसाने ही वायरही सफाईने कापली होती. रिमोटची हाक पोचायला वाटच उरली नव्हती, म्हणून ट्रक आपल्याच मोटारीच्या खरखरीला हुंकार देत होता. दादांनी नवी वायर जोडली. वर शेठजींना बजावलं, "दुकानात कापा, शेठ. घरी कात्री खिशात ठेवत जा."

मग त्यांनी शेठजींना रिमोटची कांडी अंगठ्याने डावीकडे दाबून धरायला सांगितली आणि मला म्हणाले, "आता चाकाले बोट लाव. सरळ कर त्याले."

मी बोटाने चाक सरळ करू लागलो. ते होईना. आतून उलट जोर येत होता. शेठजींनी रिमोट बंद केल्यावर तेच चाक बोटाबरोबर सहज फिरलं.

"पाहिलं? कोणी धरून असन तं असा जोर येते. कोणी नसन तं चाक ढिलं. हे खोटं बोलत नाही."

ही विद्या ते हौसेने शिकले नव्हते, हे मला पुढे कळलं. त्यांच्या घरी पुढच्या खोलीत, दाराच्या समोरच्या फळीवर एक निळा ट्रक असे. त्यांच्या एकुलत्या एक मुलाने सुटे भाग जोडून तो बनवला होता. मुलगा बारावीला दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा दादा जेवताना म्हणाले होते, "यानं पोट भरणार आहे का तुझं?" मुलाने ताट पूर्ण केलं, हात धुतला, आणि सकाळी तो घरात नव्हता. ट्रक पिशवीत मावला नसावा. रिमोट तेवढा घेऊन गेला होता.

पोलिसात सांगून झालं, पारशिवनीला वहिनींच्या, म्हणजे दादांच्या बायकोच्या, माहेरी विचारून झालं, स्टेशनवर शोधून झालं. काहीच हाती लागलं नाही.

काही महिन्यांनी वहिनींनी फळी पुसताना ट्रकचं बटण सहज सुरू केलं. दिवेलागणीची वेळ होती. चाकं हलली. तेव्हापासून वहिनी रोज दिवा लावला की ट्रक सुरू करत आणि थोडा वेळ समोर बसत. रिमोट आणि ट्रक यांच्यात लहरी ठरवणारा एकाच रंगाच्या खुणेचा स्फटिक असतो, तो जुळला तरच एकमेकांचं ऐकू येतं. या जोडीची खूण पिवळी होती. रिमोटची हाक जाते फार तर दोन-चार गल्ल्या. म्हणजे चाकं हलत असतील, तर मुलगा जवळपास कुठे तरी उभा असायला हवा. वहिनींचं गणित एवढं साधं होतं, आणि त्यात मला चूक काढता येत नव्हती.

एका संध्याकाळी दादांनी मला बोलावलं. खोलीत आम्ही तिघंच होतो. फळीवरचा ट्रक रिकाम्या दाराकडे तोंड करून होता. आणि चाकं हलली. दादांनी फळीवर गाल टेकवला. बराच वेळ बघितलं.

"थरथरते," ते म्हणाले. "बिघाड आहे."

वहिनी उठून आत गेल्या.

त्यानंतर दादा त्या ट्रकच्या मागे लागले. एका वेळी एकच बदल करायचा आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत थांबायचं, ही त्यांची रीत. आधी सेल बदलले. माझ्या मीटरवर जरा कमी भरलेला सेल ते ठेवतच नसत. मग सर्व्होच्या आतली झिजलेली पट्टी साफ केली. मग आमच्या ट्यूबलाइटचा चोक बदलायला लावला. मागच्या गल्लीतल्या पिठाच्या चक्कीची मोटर ठिणग्या टाकत होती. चक्कीवाल्याला पटवून ती स्वतः उघडून दिली. दर वेळी थरथर थोडी कमी होई, आणि दर वेळी वहिनींचा चेहरा थोडा उतरे.

एकदा त्या माझ्यासमोरच बोलल्या. "भाऊजी, तुम्हीच विचारा यायले. हे मशीन सुधारून राहिले का माझ्या पोराले दारातून हाकलून राहिले?"

दादा हातातला स्क्रूड्रायव्हर फिरवत राहिले. "काहून असं बोलतं वं. मी गडबड कमी करून राहिलो. बाजारात पोरगं हरवलं तं आपण काय करतो? आधी लोकायले म्हणतो, जरा चूप राहा. मंग जो आवाज राहीन तो त्याचा."

"आणि कोणताच नाही राहिला तं?"

दादा ट्रकचं झाकण लावू लागले.

शहरात पिवळ्या खुणेची आणखी एक जोडी होती, सदरमधल्या एका डॉक्टरांकडे. इतक्या लांबून हाक येणं शक्य नव्हतं. तरी दादा जाऊन त्या जोडीत स्वतःच्या पदरचे लाल खुणेचे स्फटिक बसवून आले. डॉक्टरांना कारण सांगितलं नाही. आता पिवळ्या हाकेला जागा एकच उरली, मुलाने नेलेला रिमोट.

आणि ट्रक शांत झाला. वहिनी दिवा लावत, बटण दाबत, आणि चाकं सरळ उभी राहत. आठवडे गेले. दादा रोज गाल टेकवून बघत. इतकं निर्दोष काम त्यांनी कधी केलं नसेल, आणि ते करून इतका खचलेला माणूसही मी पाहिलेला नाही. घरात दोघं एकमेकांशी भाजी-मिठापुरतं बोलत. मला वाटू लागलं होतं की एखादी थरथर ठेवायला हवी होती, त्या बाईपुरती.

मग उन्हाळ्यातली ती संध्याकाळ आली. सगळ्या वस्तीची वीज गेली होती. पंखे बंद, चक्की बंद, गल्लीत विजेवर चालणारं एकही यंत्र सुरू नव्हतं. मी अंगणात बसलो होतो. पलीकडून दादांचा आवाज आला, अगदी हळू. "भाऊ, टॉर्च घेऊन ये गा."

मी गेलो तेव्हा ते गाल टेकवून होते. वहिनींच्या हातात कंदील होता. त्या उजेडात मी पाहिलं. चाकं डावीकडे गेली. सावकाश, शेवटपर्यंत. तिथे थांबली. मग तशीच सावकाश सरळ झाली.

दादांनी ट्रक उचलला, तान्ह्या मुलासारखा हातावर घेतला आणि अनवाणी बाहेर पडले. एरियलची वायर त्यांच्या कोपरावरून लोंबत होती. मी चाकांवर टॉर्च धरून शेजारी चालत होतो. वहिनी मागे. दारादारात उकाड्याने बाहेर बसलेली माणसं आम्हाला बघून बोलता बोलता गप्प होत.

कोपऱ्यावर चाकं निपचित पडली. दादा मागे फिरले, दुसरी गल्ली धरली. चाकं पुन्हा वळली. असं करत आम्ही वस्तीच्या टोकाला मोकळ्या प्लॉटपाशी आलो. तिथे कोणाच्या तरी घराच्या विटा रचलेल्या होत्या आणि राखण करणारा म्हातारा खाटेवर बसला होता. ट्रकची चाकं डावीकडे जाऊन थांबली. तशीच राहिली.

"बोट लाव," दादा म्हणाले.

मी टॉर्च डाव्या हातात घेऊन बोट लावेपर्यंत चाक ढिलं पडलं होतं. जोर होता की नव्हता, हे मला सांगता येणार नाही.

दादांनी म्हाताऱ्याला विचारलं, "इथं कोणी पोरगा उभा होता?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "संध्याकाळपासून इथंच बसून आहो. तुम्हीच आले."

मी टॉर्च सगळीकडे फिरवला. विटा, बाभळीचं झुडूप, आणि पलीकडे मोकळी जमीन. माणूस लपेल अशी जागा नव्हती.

दादा माझ्याकडे वळले. "तू मोजणारा माणूस आहे. मले बरं वाटावं म्हणून नको सांगू. थरथरलं का वळलं?"

मला थरथरलं म्हणायचं होतं. दोघंही म्हातारपणाकडे झुकलेली, त्यांना त्या रात्री झोप लागावी असं वाटत होतं. पण मी जे पाहिलं ते पाहिलं होतं.

"वळलं," मी म्हणालो.

वहिनींनी हातातल्या चपला दादांच्या पायांपुढे ठेवल्या. घरून निघतानाच त्यांनी त्या उचलून घेतल्या असाव्यात. "घाला. आणि चला आता. तिकडे दार लोटून आलो आपण. तो आला तं त्याले बंद दिसन."

त्या दिवसापासून दिवेलागणीला त्यांचं दार उघडं असे. चाकं पुन्हा वळली की नाही, मी विचारलं नाही. दादांनीही सांगितलं नाही. फक्त दोघं पुन्हा बोलू लागले, आणि शेजारून कधी कधी वहिनींचं हसणंही ऐकू येई. दुकानात गिऱ्हाइकांना ते तोच प्रश्न विचारत. पण उत्तर ऐकताना आता जरा घाबरत, असं मला वाटे.

दादा गेले ते दुकानातच. साडीवाले शेठजी पुन्हा ट्रक घेऊन आले होते. ते नंतर मला सांगत होते, आणि सांगताना हातातला रुमाल उगाच घडी करत होते. "मी ट्रक ठेवला, भाऊ. त्यायनं गाल टेकवला नेहमीसारखा. मी बोलत बसलो. सगळी तक्रार सांगितली. वाटलं ऐकून राहिले. ट्रक कायचा थरथरते, शांत उभा होता. मंग मीच म्हटलं, दादा, विचारा ना आता. थरथरते का वळते."

डोळा उघडाच होता. चाकांकडे.

दुसऱ्या दिवशी सगळं आटोपून आम्ही घाटावरून परत आलो. घरात पाहुणे होते, सगळे दिवे सुरू होते, कोणी स्टोव्ह पेटवत होतं, शेजारच्या घरी मिक्सर चालू होता. वहिनींनी फळीवर दिवा लावला. मग रोजच्यासारखं ट्रकचं बटण दाबलं. त्यांना थांबवावं असं मला वाटलं, पण मी बसून राहिलो.

चाकं डावीकडे गेली. सावकाश, शेवटपर्यंत. आणि तिथेच राहिली.

मी उठून जवळ गेलो. वाकलो. गाल फळीला टेकवण्याचं धाडस झालं नाही. पण बोट लावलं आणि चाक हळूच सरळ करू पाहिलं.

ते सरळ होईना. आतून उलट जोर येत होता, सारखा, न थकता. मी बोट दाबलं तसा तोही वाढला.

"राहू द्या, भाऊजी," मागून वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "अंगठा दुखन त्याचा."

कोणाचा, ते मी विचारलं नाही. बोट काढून घेतलं. समोर दार उघडं होतं, आणि बाहेर गल्लीतले दिवे एकेक करून लागत होते.